अठराव्या वर्षानंतरचे पालक

वयाबरोबर रुग्ण हातून निसटत जावा, हा बालरोगतज्ज्ञांच्या शाखेचा नियमच आहे. लसी टोचून झाल्या, उंची-वजनाचे तक्ते भरून झाले, दहावीची परीक्षा पार पडली की ते मूल फिजिशियनकडे जाऊ लागते आणि आमच्या दप्तरातील त्याचे पान मिटते. या नियमाला एक अपवाद आहे. डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुले पंचविशी-तिशी उलटली तरी बालरोगतज्ज्ञाच्याच बाकावर बसलेली दिसतात. त्यांना दुसरीकडे न्यावे, असे आई-वडिलांच्या मनातही येत नाही. कारण त्यांच्या लेखी ते अजून मूलच असते. दाढी आलेल्या, क्वचित केस पिकू लागलेल्या या मुलांविषयी, आणि त्यांच्या वतीने सही कोणी करावयाची या प्रश्नाविषयी काही विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या व्यवसायबंधूंपुढे व समाजापुढे ठेवावेत, असे वाटले.

एका अर्थी हा प्रश्न वैद्यकाच्या यशातूनच निर्माण झाला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाचे सरासरी आयुर्मान पाश्चात्त्य देशांतही दहा-बारा वर्षांचेच होते. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत ते २५ वर्षांवर आले आणि आज ते साठीच्या घरात आहे. प्रतिजैविके आली, हृदयातील जन्मजात छिद्रे बुजविणाऱ्या शस्त्रक्रिया आल्या, थायरॉइडच्या तपासण्या सुलभ झाल्या. बेळगाव-कोल्हापूरसारख्या शहरांतही आता या सोयी उपलब्ध आहेत. पूर्वी अशी बहुतेक मुले आई-वडिलांच्या देखत जात. आता पुष्कळशी त्यांच्या मागे राहतील. "माझ्यामागं ह्याचं कसं, डॉक्टर?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. त्याला औषधाच्या चिठ्ठीवर उत्तर नाही. परंतु कायद्यात बऱ्यापैकी उत्तर आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

'पालक' शब्दाचा घोटाळा

मराठीत 'पालक' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. शाळेच्या पालकसभेला जातात ते आई-वडीलही पालक आणि कायद्याने नेमलेला तोही पालकच. त्यामुळे आपण जन्मदाते आहोत म्हणजे आपण आजन्म कायदेशीर पालक आहोत, अशी आई-वडिलांची स्वाभाविक समजूत होते. कायदा मात्र तसे मानत नाही. १८७५ च्या कायद्याने आपल्या देशात १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान ठरते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने आई-वडिलांना जे नैसर्गिक पालकत्व दिले आहे, ते अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, अपत्यापुरतेच आहे. १८९० चा पालक व पाल्य अधिनियमही अज्ञानांपुरताच आहे. मुलाचा बुद्ध्यांक ३० असो की १३०, अठराव्या वाढदिवशी त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा आई-वडिलांचा अधिकार कायद्याच्या दृष्टीने संपतो.

ही गोष्ट रुग्णालयात काम करणाऱ्यांनी तरी नीट ध्यानी घेतली पाहिजे. आपल्याकडे संमतिपत्रावर 'रुग्ण किंवा नातेवाईक' असे छापलेले असते आणि त्या 'किंवा'च्या आधारावर कोणाचीही सही घेतली जाते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीतील एका महिलेचे प्रकरण आले. ती निदानात्मक तपासणीसाठी भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते. सज्ञान व्यक्तीच्या वतीने आईने दिलेली संमती, जिवावरचा प्रसंग नसेल तर, वैध नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ती महिला बुद्धीने पूर्णतः सक्षम होती. ज्या सज्ञान व्यक्तीला निर्णय घेणे खरोखरच कठीण जाते, तिच्या बाबतीत काका, मामा किंवा थोरला भाऊ यांच्या सहीला कोणता आधार उरतो, हे ज्याचे त्याने ताडून पाहावे. आणीबाणीत आपण उपचार करतो व करावेतच. तेथे कायदा आपल्या आड येत नाही. प्रश्न आहे तो पूर्वनियोजित शस्त्रक्रियांचा, दातांच्या भुलीचा आणि बँकेतील अर्जांचा.

घरचे पाहतील, हे खरे, पण

आपला समाज कुटुंबवत्सल आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. आपल्या सीमाभागात अशा व्यक्तीला घराबाहेर काढल्याची उदाहरणे मी क्वचितच पाहिली. भावजया सुद्धा मुकाट्याने वर्षानुवर्षे न्हाऊ-माखू घालतात. म्हणूनच "कागद कशाला? घरचे पाहतील" हे वाक्य सहज निघते. परंतु ज्या दिवशी घरात वाटणी होते, त्या दिवशी हे वाक्य अपुरे पडते.

निपाणीकडील एका शेतकरी घराण्यातील प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील वारले, तीन भाऊ, त्यांतला धाकटा डाऊन सिंड्रोम असलेला, वय तिशीच्या आतबाहेर. दोघे थोरले भाऊ माझ्याकडे दाखला मागावयास आले. धाकट्याला समज आहे, असे मी लिहून द्यावे, म्हणजे त्याचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र करता येईल, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा हेतू दुष्ट नव्हता. "तो आमच्यातच राहणार की डॉक्टर, त्याला वेगळी शेती घेऊन काय करायची?" असे थोरला सरळपणे म्हणाला. मी दाखला दिला नाही. त्यांना समजावून सांगितले, की १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमातील २८ व्या कलमानुसार रोग, व्यंग किंवा अपंगत्व यांमुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. आणि १८७२ च्या करार कायद्यानुसार ज्याला व्यवहार समजत नाही त्याने केलेला करार टिकत नाही. म्हणजे तो अंगठा धाकट्यावर अन्याय करणारा तर होताच, शिवाय पुढे थोरल्यांच्या मुलाबाळांनाही कोर्टाची पायरी दाखविणारा होता. ते समजूतदार निघाले. रीतसर अर्ज झाला, वहिनी पालक नेमली गेली आणि वाटणीत धाकट्याचा हिस्सा त्याच्या नावे लागला. उसाचे त्याच्या हिश्श्याचे पैसे आज त्याच्याच खात्यात जमा होतात.

प्रत्येक घरी इतका शहाणपणा असेलच असे नाही, आणि शहाणपण असले तरी ते पुढल्या पिढीत टिकेल याची हमी कोण देणार? चुलतभाऊ आपल्या चुलत्याला सांभाळतील का, ही शंका प्रत्येक आईच्या मनात असते. ती बोलून दाखवीत नाही एवढेच. शेतीशिवाय इतरही बाबी आहेत. सरकारी नोकरीत असलेल्या आई-वडिलांच्या मागे अशा अपत्यास आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. ते स्वीकारावयास कोणीतरी अधिकृत व्यक्ती लागते. बँकेतील खाते चालवावयास लागते. रिझर्व्ह बँकेने २००७ साली बँकांना सूचना देऊन अशा व्यक्तींच्या खात्यांसाठी कायद्याने नेमलेल्या पालकाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरण्यास सांगितले आहे. हे प्रमाणपत्र देते कोण, याकडे आता वळू.

१९९९ चा कायदा आणि आपला जिल्हा

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता (कायद्याच्या नावात अजूनही 'मानसिक मंदत्व' हा जुना शब्द आहे) आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी संसदेने १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम केला. यात दिवाणी न्यायालयाच्या खेपा न घालता पालक नेमण्याची सोय आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक स्थानिक समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, असे तिघे असतात. आई-वडिलांपैकी कोणी किंवा रक्ताचा, विवाहाने अथवा दत्तकविधानाने झालेला नातेवाईक या समितीकडे अर्ज करू शकतो आणि आपल्या पसंतीची व्यक्ती सुचवू शकतो. आई-वडील स्वतःच पालक होऊ शकतात. कोणीच नसेल तर नोंदणीकृत संस्थेलाही पुढाकार घेता येतो. मुलीच्या बाबतीत नियम अधिक दक्ष आहेत. एकट्या पुरुषाकडे स्त्रीचे पालकत्व सोपवीत नाहीत. त्याच्या पत्नीलाही सहपालक करून तिला अग्रमान देतात.

या कायद्यातील दोन तरतुदी मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की समितीने अर्ज मंजूर करण्यापूर्वी दोन प्रश्नांचा विचार केलाच पाहिजे: या व्यक्तीस पालकाची खरोखर गरज आहे काय? आणि असल्यास ती नेमक्या कोणत्या कामांसाठी? दुसरी तरतूद हिशेबाची. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पालकाने पाल्याच्या स्थावर-जंगम मालमत्तेची यादी समितीस द्यावयाची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावयाचा. पालक हेळसांड करीत असेल, छळ करीत असेल किंवा मालमत्ता गिळंकृत करीत असेल, तर आई-वडील, नातेवाईक अथवा नोंदणीकृत संस्था त्याला दूर करण्याची मागणी करू शकते. मालमत्ता सांभाळणे वेगळे आणि विकणे वेगळे, हेही येथे सांगून ठेवतो. जमीन विकण्याचा प्रसंग आलाच, तर न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये, असाच सल्ला मी देतो.

आता आपल्या भागाची अडचण. निपाणीचा रुग्ण उपचाराला कोल्हापूरला जातो, कारण ते जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. बेळगाव जवळपास दुप्पट दूर. पाव्हणेरावळे कागल, गडहिंग्लज, चंदगड, आजरा या बाजूंना पसरलेले. मुलाची तपासणी कोल्हापुरात झालेली, शेती दोन्ही राज्यांत, थोरला भाऊ पुण्यात नोकरीला, आणि मूल मात्र आईजवळ निपाणीत. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा अशा घराचा विचार कोणी केला नसणार. अशा कुटुंबाची साहजिकच समजूत होते, की आपले कागद कोल्हापुरातच होतील. प्रत्यक्षात व्यक्ती जेथे राहते त्या जिल्ह्याच्या समितीकडे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी बेळगावच्या समितीकडे, अर्ज केला पाहिजे. समाधानाची गोष्ट ही, की कायदा केंद्राचा आहे आणि अपंगत्वाचे युडीआयडी ओळखपत्रही देशभर चालते. पालकाला कर्नाटक आणि महाराष्ट्र असे दोन पालकत्वाचे कागद काढावे लागत नाहीत. अर्जाची भाषा इंग्रजी किंवा कन्नड असल्याने मराठी शाळेत शिकलेली आई गांगरते. तेथे आपल्यासारख्यांनी अर्धा तास काढून अर्ज भरून दिला तर ते एखाद्या सलाइनपेक्षा अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

पालकत्व म्हणजे मालकी नव्हे

येथवर वाचून 'सर्वांनी ताबडतोब पालकत्वाचा कागद काढावा' असा अर्थ कोणी घेतला, तर मला तो अर्धाच मान्य आहे. कारण या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या व्यवसायाच्या अगदी जवळची आहे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील मतिमंद मुलींच्या निवासी संस्थेतील काही मुलींना व स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण त्या वेळी देण्यात आले. स्त्री-संघटना व अपंगांच्या संघटनांनी मोठा आक्षेप घेतल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. त्या वेळी वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली आणि डॉक्टरांमध्येही दोन तट पडले. ज्यांनी शस्त्रक्रिया केल्या ते कुशल डॉक्टर होते आणि आपण हिताचेच करतो आहोत अशी त्यांची धारणा होती. परंतु त्या मुलींपैकी कोणाला काही विचारले गेले होते काय? सॅनिटरी पॅड कसे वापरावे हे शिकविण्याचा प्रयत्न पुरेसा झाला होता काय? पुढे कोणी त्यांच्यावर अत्याचार केला तर गर्भ राहणार नाही, एवढाच त्या शस्त्रक्रियेचा 'लाभ' होता. अत्याचार टळणार नव्हताच. दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेणारा मनुष्य आपल्या सोयीलाच त्याचे हित समजू लागतो, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या मराठी मुलखात मला आठवत नाही.

सुदैवाने न्यायालयांची दृष्टी पुढे बदलत गेली. २००९ साली चंडीगडच्या शासकीय संस्थेतील सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीच्या गर्भपाताचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिची स्वतःची इच्छा मूल ठेवण्याची होती. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता या भिन्न गोष्टी असून सज्ञान स्त्रीला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे म्हणून तिची संमती डावलता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. २७ वर्षांच्या मुलीच्या गर्भपाताची परवानगी वडिलांनी मागितली होती; मुलीला मात्र मूल हवे होते. वैद्यकीय मंडळाच्या तपासणीत तिची बुद्धिमत्ता सीमारेषेवरची आढळली. बुद्धी थोडी कमी आहे म्हणून तिला आई होण्याचा हक्क नाही काय, असा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारला. या प्रश्नाचे उत्तर देताना आपणां डॉक्टरांनाही क्षणभर थांबावे लागेल, आणि थांबलेच पाहिजे.

कायदाही याच दिशेने गेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारास भारताने २००७ साली मान्यता दिली. त्यातील बाराव्या अनुच्छेदाचा आशय असा, की अपंग व्यक्ती इतरांच्या बरोबरीने कायद्यापुढे पूर्ण व्यक्ती आहे; निर्णय घेण्यासाठी तिला जेवढी मदत लागेल तेवढी द्यावी. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम आला आणि एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. त्याच्या १४ व्या कलमात 'मर्यादित पालकत्व' ही कल्पना आहे. ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, परस्पर विश्वासाने आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार घेतलेला संयुक्त निर्णय, असे तिचे स्वरूप. विशेष म्हणजे अन्य कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालकही आता मर्यादित पालक म्हणूनच काम करतो असे मानावे, असे या कलमात म्हटले आहे. आजवर हातात पडलेल्या पालकत्वाच्या कागदाचा अर्थ यामुळे पार बदलला, तरी ही गोष्ट फारशा घरांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही.

काही अपंग-संघटना याच्याही पुढे जाऊन म्हणतात, की दुसऱ्याने निर्णय घेण्याची पद्धतच रद्द करावी, केवळ साहाय्य द्यावे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संबंधित समितीनेही २०१४ साली हीच भूमिका मांडली. या विचारामागील कळकळ मला मान्य आहे; तथापि तो जसाच्या तसा स्वीकारणे मला जड जाते. ज्या तरुणाला बोलता येत नाही, खुणाही कळत नाहीत, ज्याला गंभीर सेरेब्रल पाल्सीबरोबर वारंवार आकडी येते, त्याची आई गेल्यावर त्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम कोणी उचलावयाची? कोणाचेच नाव कागदावर नसेल, तर ते काम जो आधी हात घालील तो करील, आणि त्याला हिशेब विचारणारा कोणी नसेल. म्हणून माझे मत असे आहे: पालकत्व वेळेवर घ्यावे, पण गरजेपुरतेच घ्यावे; आणि जेथे व्यक्तीला काही कळते तेथे तिचे म्हणणे आधी ऐकावे. दहा रुपयांपुढची नाणी न मोजू शकणारी एक मुलगी मला ठाऊक आहे. आईच्या मागे कोणाकडे राहायचे, याविषयी मात्र तिचे मत ठाम आहे आणि त्याची कारणेही ती सांगते. पैशाच्या व्यवहारासाठी तिला पालक हवा. राहण्याच्या निर्णयात तिचाच शब्द अखेरचा असावा.

चार अवस्थांच्या बाहेरचे लोक

राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेत न येणारी माणसेही आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी आहेत: पक्षाघाताने वाचा गेलेले, स्मृतिभ्रंश झालेले, अपघातानंतर कोमात असलेले. त्यांच्या घरची मंडळी बहुधा मुखत्यारपत्राचा मार्ग धरतात. करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक भान गेले की मुखत्यारीही संपुष्टात येते. ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो, हे बहुतेकांना उशिरा कळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने रुग्णाला आधीच इच्छापत्र करून ठेवण्याची व आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय दिली. मात्र ती मानसिक आजारावरील उपचारापुरती आहे, घरदार-शेतीसाठी नाही. कोमातील रुग्णाच्या मालमत्तेसाठी अखेर उच्च न्यायालयातच जावे लागते. अशा प्रसंगी वैद्यकीय मंडळाची तपासणी, तहसीलदाराच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची चौकशी अशी शिस्तबद्ध कार्यपद्धती केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली घालून दिली. आपल्यासाठी धारवाडचे खंडपीठ २००८ पासून आहे. कोल्हापूरकडील आप्तांसाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे. तरीही सामान्य कुटुंबाला उच्च न्यायालय हा लांबचा पल्ला आहे. जिल्हा पातळीवर सोपा मार्ग देणारा कायदा या लोकांसाठीही व्हावयास हवा.

अशा व्यक्तीसाठी बोलण्याचा अधिकार कोणाचा, याचा कस लागला तो अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात. मूळच्या आपल्याच राज्यातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या हळदीपूरच्या या परिचारिकेवर मुंबईच्या केईएम रुग्णालयात नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात भानरहित अवस्थेत होत्या. आई-वडील निवर्तले होते, जवळचे आप्त दुरावले होते. त्यांच्या दयामरणासाठी एका लेखिकेने अर्ज केला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात, त्यांच्या वतीने बोलणारा 'वादमित्र' म्हणून त्या लेखिकेला न मानता केईएमच्या कर्मचाऱ्यांना मानले. कारण दिवसरात्र सेवा त्यांनी केली होती. पालक निवडताना नात्याच्या जवळिकीइतकेच रोजच्या सेवेला वजन द्यावे, हा धडा मी या निकालातून घेतो. शेवटी भरवतो कोण, कूस बदलतो कोण, हे समितीने आणि कुटुंबानेही विचारलेच पाहिजे.

आपण काय करावे

आता आपल्या संघटनेपुढे काही सूचना. त्या खर्चाच्या नाहीत, सवडीच्या आहेत.

पहिली गोष्ट, अठरावे वर्ष उजाडण्याची वाट न पाहता मूल चौदा-पंधरा वर्षांचे होताच हा विषय आई-वडिलांकडे काढावा. लसीकरणाच्या तक्त्यासारखीच त्याची एक ठरलेली वेळ असावी. त्याच वेळी युडीआयडी ओळखपत्र, आधार, बँकेचे खाते आणि वारसाची कागदपत्रे यांचीही चौकशी करावी.

दुसरी, आपण जो दाखला देतो तो अधिक विचारपूर्वक द्यावा. बुद्ध्यांकाचा एक आकडा लिहून आपले काम संपत नाही. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनीची डॉ. मालिन यांनी केलेली नागपूर आवृत्ती आपल्या मानसशास्त्रज्ञांच्या नित्य वापरात आहे; तिच्यातून व्यक्तीला प्रत्यक्षात काय जमते हे कळते. जेवण, प्रवास, पैसा, औषधे, स्वतःच्या शरीराविषयीचे निर्णय यांपैकी काय जमते, काय साहाय्याने जमते आणि काय जमत नाही, हे चार ओळींत लिहिले तर समितीला 'पालक कशासाठी हवा' याचे उत्तर देता येईल. 'मतिमंद, सर्व बाबतीत अक्षम' हा शेरा घाईचा असतो आणि तो एका माणसाचे उरलेले सारे हक्क एका ओळीत पुसून टाकतो.

तिसरी, संमती घेताना सोबतच्या माणसाशी बोलण्यापूर्वी रुग्णाशी बोलावे. साध्या मराठीत किंवा कन्नडमध्ये, चित्र दाखवून, हाताने दाखवून सांगावे आणि त्याने काय प्रतिसाद दिला हे केसपेपरवर नोंदवावे. त्याला पाच मिनिटे लागतात.

चौथी सूचना कुटुंबांसाठी. आई-वडील पालक झाले म्हणजे काम संपले, असे समजू नये. दोघांच्याही मागे कोण, हे त्यांच्या हयातीतच ठरवावे, त्या व्यक्तीला विचारून ठरवावे आणि जमल्यास त्या घरी मुलाची ये-जा आत्तापासून सुरू करावी. बदलापूरची 'आधार' ही अशा मुलांच्या आई-वडिलांनीच उभारलेली निवासी संस्था आहे. प्रौढ मुलांसाठी असे घर सीमाभागातील पालकांनी एकत्र येऊन उभे करणे अशक्य नाही. बहिणींना या विचारात सामील करून घ्यावे. सासरी गेलेल्या बहिणीला आपण नेहमी वगळतो, आणि निभावण्याची वेळ येते तेव्हा बहुधा तीच धावून येते.

पाचवी, आपल्या संघटनेने वर्षातून एकदा बेळगावात व एकदा निपाणीत शिबिर घ्यावे. जिल्हा समितीचे सदस्य, एक वकील, एक मानसशास्त्रज्ञ आणि आपण, असे एका छताखाली आलो तर एका दिवसात पुष्कळ कुटुंबांचे अर्ज पूर्ण होतील. माहितीपत्रक मराठी व कन्नड दोन्ही भाषांत असावे. या प्रश्नात भाषेचा वाद नाही. कन्नड आईची चिंता आणि मराठी आईची चिंता एकच आहे.

पुढील वार्षिक सभेपूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या दप्तरातील अठरा वर्षे ओलांडलेल्या अशा रुग्णांची नावे काढून प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहावा: याच्या वतीने सही करण्याचा अधिकार आज कोणाकडे आहे, आणि उद्या कोणाकडे असेल? माझ्याकडील यादी करावयास मी घेतली आहे. ज्यांना अर्जाचा नमुना किंवा त्यासोबत जोडावयाच्या कागदांची माहिती हवी असेल, त्यांनी माझ्या दवाखान्यात अवश्य यावे. संध्याकाळची वेळ मी त्यासाठी राखून ठेवीन.